लिपिड नॅनोकण : कर्करोग लसीतील वाहक
कर्कपेशींतील विशिष्ट प्रथिनांची माहिती असलेला एम-आरएनए प्रतिकारपेशींपर्यंत पोचविणारे सूक्ष्म कण. असंरक्षित एम-आरएनए शरीरातील विकरांमुळे लवकर नष्ट होतो. म्हणून तो आयनशील लिपिड, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल व पॉलिएथिलीन ग्लायकॉलयुक्त लिपिड यांच्या सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाच्या कणांत बंदिस्त करतात. कण पेशीत शिरताना ज्या पुटिकेत अडकतात, तिच्या आम्लतेने आयनशील लिपिड धनभारित होऊन तिचे पटल भेदते. तरी एम-आरएनएचा अल्पांशच पेशीद्रवात उतरतो. हे प्रमाण वाढविणारी नवी लिपिडे शोधणे महत्त्वाचे आहे. शिरेतून दिलेले बहुतेक कण यकृतात जातात. मात्र २०१६ मध्ये जर्मनीतील माइन्त्स येथील संशोधकांनी आरएनए-लिपिड कणांचा विद्युत भार किंचित ऋण ठेवून ते उंदरांच्या प्लीहेतील वृक्षाभ पेशी या प्रतिकारपेशींकडे वळविले.