डाव्या पायाची विद्या : निजामाच्या मोटारीपासून टेबलाखालच्या क्लचपर्यंत

नांदेड वा लातूरच्या एखाद्या घरात, अभ्यासाच्या टेबलाला शिकंजाने आवळलेले एक स्टिअरिंग असते. खाली दोन पेडल असतात, एक वेगाचे आणि एक ब्रेकचे. काही महिन्यांनी त्या घरातील तरुणाला तिसरे पेडल हवेसे वाटते. गाडी दोन पेडलांवर उत्तम धावत असते, शर्यतीत वेळही चांगली लागत असते. तरीही त्याला क्लच हवा असतो. वरवर पाहता हा हट्ट विचित्र आहे. ज्या यंत्रभागापासून सुटका व्हावी म्हणून अभियंते सव्वाशे वर्षे झटले, तोच भाग हा तरुण पदरचे पैसे खर्चून आणू पाहतो. या हट्टामागचा इतिहास मराठवाड्याच्या रस्त्यांवरून जातो. आजचा धागा त्याविषयी.

आरंभ फ्रान्समध्ये. १८९१ मध्ये एमिल लव्हासोर याने पनार ए लव्हासोर कंपनीच्या मोटारीत इंजिन पुढे बसवले, त्याच्या मागे क्लच, त्यामागे दातेरी चक्रांची पेटी, आणि शेवटी मागची चाके. पुढील अनेक दशके जगातील बहुतेक मोटारी याच रांगेत रचल्या गेल्या. अडचण अशी होती की पेट्रोलचे इंजिन वाफेच्या इंजिनासारखे शून्यातून जोर लावू शकत नाही. ते आधी फिरत असावे लागते. फिरते इंजिन उभ्या चाकांना एकदम जोडले तर ते बंद पडते किंवा काहीतरी मोडते. म्हणून मध्ये घर्षणाची तबकडी आली. ती थोडी घसरते, थोडी पकडते, आणि शेवटी घट्ट धरते. हे ‘थोडे’ किती, हे ठरविण्याचे काम चालकाच्या डाव्या पायाकडे आले.

तीन पेडल दिसले म्हणजे क्लच आलाच, असा समज मात्र चुकीचा. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक खपलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीलाही तीन पेडल होते, पण त्यांची भाषा निराळी होती. डावे पेडल पूर्ण दाबले की मंद गती, सोडले की जलद गती, मधले मागे जाण्यासाठी, उजवे ब्रेकचे, आणि वेग हाताने, स्टिअरिंगखालच्या दांडीने. आजचा पट्टीचा चालक त्या गाडीत बसला तर पहिल्याच चौकात गोंधळेल.

आता निजामाच्या राज्यात येऊ. नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे तेव्हा हैदराबाद संस्थानात. नांदेडला मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मिळाला होता. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी पोचली होती. पण ही दोन गावे या रुळांनी सरळ जोडली गेली नव्हती. एकीचे तोंड गोदावरीच्या खोऱ्याकडे, दुसरीचे बार्शी-कुर्डुवाडीकडे. मधला प्रदेश लोहा, अहमदपूर, चाकूर असा बालाघाटाच्या पठारावरून जाणारा. बैलगाडीचा, आणि पुढे मोटारीचा.

१९३० मध्ये संस्थानाने रेल्वे कंपनीकडून आपल्या हाती घेतली, आणि जून १९३२ मध्ये याच रेल्वेच्या अंगाखाली रस्ते वाहतुकीचे खाते उघडले. सुरुवात २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी एवढ्यावर. रेल्वे आणि बस एकाच मालकीची ठेवण्यामागे हिशेब स्वच्छ होता: खासगी मोटारवाल्यांनी रेल्वेचे उतारू पळवू नयेत. आज तेलंगण आणि आंध्रची परिवहन महामंडळे आपला जन्म याच तारखेपासून मोजतात, आणि ते योग्यच आहे; परंतु मराठवाड्याच्या एसटीचे आजोळही तेथेच आहे, ही गोष्ट मराठी वाचकाच्या लक्षात क्वचित येते. १ जून १९४८ ची पुणे-अहमदनगर गाडी ही मुंबई राज्याची पहिली एसटी. त्या दिवशी नांदेड अजून निजामाचेच होते. पोलीस कारवाईला साडेतीन महिने अवकाश होता.

त्या काळी संस्थानात धावलेल्या गाड्यांत स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या आल्बियन कंपनीच्या गाड्या होत्या. त्या पिढीच्या जड वाहनांतील गिअरपेटी समजून घेतल्याशिवाय क्लचचे महत्त्व कळणार नाही. आजच्या मोटारीत गिअर टाकताना दोन चक्रांचे वेग आपोआप जुळवून घेणारी रचना असते. ती प्रथम १९२८ च्या कॅडिलॅक मोटारीत आली. बस आणि मालमोटारींपर्यंत ती पोचायला पुढे कित्येक वर्षे गेली. तोवर वेग जुळविण्याचे काम चालकानेच करायचे. त्यालाच आपल्याकडे ‘डबल क्लच’ म्हणतात.

त्याची रीत अशी. चढ आला, गाडीचा दम कमी झाला, खालचा गिअर हवा. क्लच दाबायचा, दांडी न्यूट्रलला आणायची. क्लच सोडायचा. न्यूट्रलमध्येच रेस द्यायची, म्हणजे पेटीतील चक्र वेगाने फिरू लागेल. पुन्हा क्लच दाबायचा, आणि आवाज जुळताच गिअर टाकायचा. वरच्या गिअरला जाताना उलट: रेस द्यायची नाही, क्षणभर थांबायचे. हा क्षणभर किती, याचे उत्तर काट्यावर नव्हते, कानात होते. चुकले तर दात दातांवर खरडत, आणि साऱ्या गाडीला कळे की आज चालक नवा आहे. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर, लातूर सुमारे ६३० मीटरवर. म्हणजे नांदेडहून निघालेली भरली गाडी एकूण चढच चढत जाते. अशा वाटेवर ही कवायत दिवसातून किती वेळा होत असेल, याची कल्पना करता येते.

ही विद्या पुस्तकातून आली नाही. क्लीनर म्हणून गाडीवर लागलेला मुलगा वर्षानुवर्षे चालकाच्या पायाकडे पाही, रात्रीच्या मुक्कामी गाडी मागेपुढे करून पाही, आणि मग केव्हातरी त्याच्या हाती स्टिअरिंग येई. कागदोपत्री इतिहासात बसची संख्या सापडते, मार्ग सापडतात, भाडे सापडते. पाय कसा शिकला हे सापडत नाही. राज्य बदलले तरी पाय तेच राहिले. १ नोव्हेंबर १९५१ रोजी खाते रेल्वेपासून सुटून हैदराबाद सरकारकडे गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६१ मध्ये मराठवाड्याची परिवहन सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली.

मराठवाड्यात डाव्या पायाची दुसरी शाळा शेतात होती, आणि अजूनही आहे. अनेक ट्रॅक्टरांचा क्लच दोन टप्प्यांचा असतो. अर्धा दाबला की चाके थांबतात, पण मागचा शाफ्ट, ज्यावर मळणी यंत्र चालते, तो फिरत राहतो. पूर्ण दाबला की दोन्ही थांबतात. सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टरवर बसलेल्या मुलाला ‘अर्धा’ आणि ‘पूर्ण’ यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. खेळाच्या पेडलावर जो ‘पकडीचा बिंदू’ शहरी मुले महिनोन्‌महिने शोधतात, तो याला आयताच ठाऊक असतो.

यानंतर १९८९ हे साल.

त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या अटारी कंपनीने ‘हार्ड ड्रायव्हिन’ नावाचे आर्केड यंत्र आणले. नाणे टाकून खेळायच्या या खेळात किल्ली फिरवून गाडी चालू करायची होती. स्टिअरिंग हाताला उलट जोर देत असे, चार गिअरांची न्यूट्रलसह दांडी होती, आणि पायाखाली खराखुरा क्लच. त्यापूर्वीच्या बहुतेक शर्यतींच्या खेळांत ‘लो’ आणि ‘हाय’ अशा दोन खाचांवर काम भागत असे. येथे प्रथमच सामान्य खेळाडूला क्लच चुकण्याची मुभा मिळाली.

नेमक्या पुढच्याच महिन्यात, २६ मार्चला, ब्राझीलमध्ये फॉर्म्युला वनची शर्यत झाली. जॉन बार्नार्डने रचलेली फेरारी ६४० ही गाडी निगेल मॅन्सेलने जिंकून आणली. तिच्यात गिअरची दांडीच नव्हती. स्टिअरिंगमागच्या दोन पात्या बोटांनी ओढायच्या, बाकीचे यंत्र पाहून घेई. क्लचचे पेडल उरले होते ते गाडी जागची हलविण्यापुरते. पुढील काही वर्षांत फॉर्म्युला वनमधून ते पेडलही गेले आणि क्लचसुद्धा स्टिअरिंगवरच आला. खरी शर्यत क्लच सोडत होती आणि खोटी शर्यत तो धरत होती. हा योगायोग आहे, पण बोलका.

याच वर्षी १ जुलैला भारतात नवा मोटार वाहन कायदा आणि केंद्रीय मोटार वाहन नियम अमलात आले. परवान्याच्या चाचणीत उमेदवाराने वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये त्वरेने व अचूक यावे, चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुन्हा सुरू करावी, अशा अपेक्षा त्यात लिहिल्या गेल्या. क्लीनरच्या पायातील विद्या, तिचे नाव न घेता, कायद्याच्या भाषेत उतरली.

घरात क्लच आला तो २००६ मध्ये. लॉजिटेकच्या जी२५ या संचात तीन पेडल, सहा गिअरांची दांडी आणि ९०० अंश फिरणारे स्टिअरिंग एकत्र मिळू लागले. तरी स्वस्त संच दोन पेडलांचेच राहिले. आणि मोबाइलवर तर पेडलच नाही. २०१७ मध्ये आलेला ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा खेळ महाराष्ट्रात गाजला, कारण इंडोनेशियाच्या त्या बसला येथील मुलांनी लाल परीचे रंग चढवले. बस एसटीची, रस्ते जावाचे, आणि क्लच कोठेच नाही!

म्हणून तिसऱ्या पेडलाचा खटाटोप. त्याचे गणित अवघड नाही. स्टिअरिंगच्या संचाला मूळ कंपनीचा तीन पेडलांचा जोड मिळत असेल तर तोच सर्वांत सरळ मार्ग. नसेल तर स्वतंत्र पेडल यूएसबीने संगणकाला जोडता येते. आत एक पोटेन्शिओमीटर असतो: एका टोकाला पाच व्होल्ट, दुसऱ्याला शून्य, आणि मधली तार पेडलाबरोबर सरकते. आर्डुइनो लिओनार्डोसारखे छोटे मंडल ती मधली तार वाचते आणि संगणकाला ‘मी जॉयस्टिक आहे’ असे सांगते. ही युक्ती संगणकापुरतीच आहे. प्लेस्टेशन वा एक्सबॉक्सवर असे पाहुणे पेडल सहसा ओळखले जात नाही, तेव्हा खर्च करण्यापूर्वी हे तपासलेले बरे. खेळात ‘ऑटो क्लच’ बंद करावा लागतो, पाय नसताना पेडल पूर्ण दाबलेले दिसत असेल तर दिशा उलटवावी लागते, आणि दोन्ही टोकांना थोडी मृत जागा ठेवावी लागते. मराठवाड्यातील उन्हाळ्याची धूळ पोटेन्शिओमीटरच्या पट्टीवर बसली की आकडे थरथरू लागतात. म्हणून जाणकार चुंबकाने चालणारा हॉल सेन्सर पसंत करतात. त्यात घासणारे काही नसते.

खरी उणीव स्प्रिंगेत राहते. साधी स्प्रिंग जितकी दाबावी तितकी अधिक जोर मागते. आजच्या मोटारीच्या क्लचमधील पसरट, थाळीसारखी स्प्रिंग तशी वागत नाही: आधी जोर चढतो, मध्यावर टोकाला पोचतो आणि मग पाय किंचित आत ओढला गेल्यासारखा हलका होतो. या हलकेपणाच्या आसपासच चालक गाडी ‘धरतो’. महागड्या पेडलांत ती वळणदार जाणीव मुद्दाम घडवलेली असते. घरगुती जोडकामात ती साधत नाही. आणि ट्रॅक्टर चालविलेला मुलगा पहिल्याच दाबात ते ओळखतो.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम काढले आणि तेथे सिम्युलेटर व चाचणीचा मार्ग सक्तीचा केला. म्हणजे यापुढे काही चालकांच्या पायाची क्लचशी पहिली गाठ गाडीत पडणार नाही, पडद्यासमोर पडेल. त्यानंतर वर्षभराने, १ जून २०२२ रोजी, एसटीची ‘शिवाई’ ही विजेवरची बस पुणे-अहमदनगर या ७४ वर्षांपूर्वीच्या पहिल्याच वाटेवर धावली. विजेची मोटर शून्यातून जोर लावू शकते. त्या बसच्या चालकासमोर दोन पेडल आहेत.

निजामाच्या काळची एक आल्बियन बस हैदराबादेत परिवहन महामंडळाच्या मुख्यालयात जपून ठेवली आहे.