लग्नाचं लाईव्ह करायचंय? यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम की झूम : ऑर्डर घेण्याआधी या गोष्टी बघा

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या पुढे जळकोट लागतं. (लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं.) अशा गावातल्या लग्नाचे सगळे पाहुणे आता एका मांडवात येत नाहीत. कुणी पुण्यात नोकरीला असतो, कुणी हैदराबादला, तर कुणी थेट अमेरिकेत. त्यामुळे फोटो-व्हिडिओची ऑर्डर देताना वधूपिता हमखास विचारतो, "लाईव्ह पण करणार ना?"

ही मागणी कोरोनाच्या काळात वाढली. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने 'ब्रेक द चेन'च्या आदेशात लग्नाला फक्त २५ माणसांची आणि दोन तासांची परवानगी दिली होती. तेव्हा बाकीच्यांनी अक्षता मोबाईलसमोरच टाकल्या. निर्बंध गेले, पण लाईव्हची सवय राहिली.

फोटोग्राफरसाठी मात्र हे काम जोखमीचं असतं. फोटो हुकला तर पुन्हा काढता येतो, मुहूर्त पुन्हा येत नाही. म्हणून कोणती सेवा वापरायची हे आधीच ठरवावं लागतं.

आधी तीन प्रश्न

यजमानांना तीन गोष्टी विचाराव्यात. लाईव्ह कुणीही बघितलं तर चालेल, की फक्त नातेवाइकांनी? पाहुण्यांनी नुसतं बघायचं, की तिकडून बोलून आशीर्वादही द्यायचे? आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहायला हवं?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. जळकोटला मे महिन्यात दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त असेल, तर न्यू जर्सीत तेव्हा पहाटेचे ३ वाजून ५ मिनिटं झालेली असतात. तिथले बरेच नातेवाईक सकाळी उठूनच लग्न बघणार. त्यांच्यासाठी लाईव्हइतकंच रेकॉर्डिंग महत्त्वाचं आहे.

कोणती सेवा कशासाठी?

यूट्यूब : बहुतेक लग्नांना हेच सोयीचं पडतं. पैसे लागत नाहीत, व्हॉट्सअॅपवरची लिंक दाबली की खातं नसतानाही बघता येतं आणि टीव्हीवरही लावता येतं. उशिरा आलेला माणूस मागे जाऊन बघू शकतो. 'अनलिस्टेड' ठेवलं तर व्हिडिओ सर्चमध्ये दिसत नाही, फक्त लिंक असणाऱ्यालाच उघडतो. पण ती लिंक पुढे कुणीही पाठवू शकतं, हे यजमानांना सांगून ठेवावं.

दोन अटी लक्षात ठेवाव्यात. चॅनेलवर पहिल्यांदा लाईव्ह सुरू करायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. मोबाईल अॅपवरून लाईव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवर ओबीएससारखं मोफत सॉफ्टवेअर वापरलं तर ही दुसरी अट लागत नाही. म्हणजे लग्नाच्या दिवशी सकाळी नवं चॅनेल उघडून उपयोग नाही. शिवाय १२ तासांपेक्षा लांब लाईव्हचं रेकॉर्डिंग यूट्यूब जपून ठेवत नाही. हळद, लग्न आणि रिसेप्शन यांचं लाईव्ह वेगवेगळं करावं.

फेसबुक : गावातली मंडळी आधीच फेसबुकवर असतील तर प्रेक्षक लवकर जमतात. भजन, कीर्तन, सत्कार, उद्घाटन अशा सर्वांसाठी खुल्या कार्यक्रमांना हे चांगलं. मात्र खातं किमान ६० दिवस जुनं असावं लागतं, आणि पेजला किमान १०० फॉलोअर लागतात. शिवाय १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकवरचे नवे लाईव्ह व्हिडिओ ३० दिवसच राहतात, नंतर काढले जातात. आठवण जपायची असेल तर महिन्याच्या आत डाउनलोड करून द्यावं लागतं.

इन्स्टाग्राम : २०२५ पासून इथे लाईव्ह करायला सार्वजनिक खातं आणि किमान १,००० फॉलोअर लागतात. वरातीची पाच मिनिटं दाखवायला ठीक, पूर्ण लग्नाला नाही.

झूम आणि गूगल मीट : दोन्हीकडून बोलायचं असेल तर हेच. साखरपुडा, बारसं, शोकसभा अशा छोट्या कार्यक्रमांना योग्य. पण झूमची मोफत मीटिंग ४० मिनिटांत बंद होते, आणि तीन किंवा जास्त जण असतील तर मीटची ६० मिनिटांत. मंगलाष्टकं चालू असताना स्क्रीन बंद पडण्यापेक्षा एका महिन्याचा प्लॅन घ्यावा आणि तो खर्च बिलात दाखवावा. झूम सनईचा आवाज गोंगाट समजून दाबू शकतं, त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' चालू करावं.

खरी परीक्षा नेटची

सेवा कोणतीही घ्या, गाडी अडते ती अपलोड स्पीडवर. मोबाईलवर रोज बघतो तो डाउनलोड स्पीड, लाईव्हला मात्र अपलोड लागतो. ७२० पिक्सेलच्या चित्रासाठी यूट्यूब साधारण ४ एमबीपीएस सुचवतं. मोजलेला अपलोड स्पीड त्याच्या दुप्पट, म्हणजे ८ एमबीपीएस असेल तर निर्धास्त राहता येतं. या हिशोबाने तासाला १.८ जीबी, म्हणजे तीन तासांच्या लग्नाला साधारण साडेपाच जीबी डेटा जातो. दिवसाला दीड-दोन जीबीचा रिचार्ज इथे पुरत नाही.

स्पीड रिकाम्या मंगल कार्यालयात मोजून भागत नाही. मुहूर्ताला शेकडो माणसं आली की त्यांचे मोबाईल त्याच टॉवरवर येतात आणि स्पीड घसरतो. कार्यालयात फायबर असेल तर वायरने लॅपटॉपला जोडावा. नसेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवावीत आणि त्याच ठिकाणच्या दुसऱ्या लग्नात गर्दीच्या वेळी चाचणी घ्यावी. स्पीड कमी असेल तर ४८० पिक्सेलवर यावं. थोडं धूसर पण सलग चित्र लोकांना चालतं, अडखळणारं चालत नाही. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत राउटर चालू राहील अशी बॅटरीही हवी.

डीजेचं गाणं आणि बंद पडलेलं लाईव्ह

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभात गाणी वाजवायला सूट आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये तसं स्पष्टही केलं. पण यूट्यूबची आपोआप चालणारी यंत्रणा मांडव की दुकान हे बघत नाही. सिनेमाचं गाणं ओळखलं की आधी इशारा येतो, मग चित्राच्या जागी दुसरीच पाटी लागू शकते किंवा लाईव्ह थांबू शकतं. त्यामुळे विधींच्या वेळी भटजींच्या माइकचा आवाज थेट घ्यावा, आणि डीजेचा नाच लाईव्हमधून वगळावा किंवा तेवढा वेळ आवाज बंद ठेवावा.

शाळेच्या स्नेहसंमेलनाचं लाईव्ह 'मुलांसाठी' म्हणून टाकलं तर यूट्यूबवर चॅट बंद राहतं, हेही आधीच सांगावं.

कागदावर काय लिहावं?

लाईव्ह आणि रेकॉर्डिंग यांचे दर वेगळे लिहावेत. कोणाच्या चॅनेलवरून होणार, लिंक सार्वजनिक की अनलिस्टेड, व्हिडिओ किती दिवस ठेवायचा आणि नेट गेलं तर काय, हे चार मुद्दे ऑर्डरच्या पावतीवरच असावेत. आणि लाईव्ह चालू असलं तरी कॅमेऱ्याच्या कार्डवर रेकॉर्डिंग चालूच ठेवावं. नेट गेलं तरी ते त्याच संध्याकाळी अपलोड करता येतं, आणि मुहूर्ताचा क्षण हातचा जात नाही.