गोलाईवरची झिलई

विजयादशमीच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात शमीपूजनासाठी छत्रपतींची मेबॅक मोटार येते, तेव्हा जमलेल्या समुदायाचे डोळे आत बसलेल्या राजघराण्यातील मंडळींकडे लागलेले असतात. परंतु ज्यांची हयात उद्यमनगरातल्या एखाद्या रंगाच्या शेडमध्ये गेली, असे मेस्त्री त्या गर्दीत असले, तर त्यांची नजर प्रथम जाते ती मडगार्डाच्या गोलाईवर, आणि तिच्यावरून मावळतीचा उजेड न तुटता ओघळतो की नाही, हे पाहिल्यावाचून ती तेथून हलत नाही.

ही मोटार राजाराम महाराजांच्या अमदानीतली. जर्मनीतील फ्रीडरिक्सहाफेनच्या ज्या कारखान्याने झेपेलिन विमाननौकांची इंजिने घडविली, त्याच कारखान्याने मेबॅक नावाच्या मोटारी काढल्या. मात्र तो बहुधा सांगाडा आणि यंत्रच पुरवी, वरची काया निराळ्या कारागिरांनी पत्रा ठोकून सिद्ध करावी, अशी त्या काळची वहिवाट होती. साहजिकच अशा गाडीवर तळहाताएवढीही सपाट जागा शोधून काढावी लागते.

त्यापूर्वीचा जमाना घोड्यांच्या गाड्यांचा. शाहू महाराजांचा ‘खडखडा’ अजून करवीरकरांच्या बोलण्यात जिवंत आहे. बग्गी रंगविणे हे त्या काळी आठवड्यांचे काम असे: व्हार्निशाचा एक थर वाळायचा, प्युमिस दगडाच्या भुकटीने आणि ओल्या कापडाने तो घोटायचा, आणि मगच पुढचा थर चढवायचा. १९२३ साली अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्युको’ रंग बाजारात आणला आणि हा आठवड्यांचा हिशेब तासांवर आला. परंतु फवाऱ्याने मारलेला तो रंग वाळल्यावर मंद दिसे. त्याचे तेज घासूनच बाहेर काढावे लागे. रंगाऱ्याची मेहनत वाचली ती घोटणाऱ्याच्या खांद्यावर आली, आणि पाणपेपर, कंपाउंड व मऊ फडके हा त्याचा सरंजाम झाला.

कोल्हापुरात ‘मेस्त्री’ हा शब्द हुद्द्यासारखा आदराने उच्चारला जातो. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या बाबूराव पेंटरांनी येथेच चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला आणि त्यावर ‘सैरंध्री’ चित्रित करून १९२० साली लोकांपुढे ठेवला. ज्या गावात कुंचला आणि कानस एकाच हातात शोभली, तेथे पत्र्याच्या वळणाचे मर्म जाणणारी माणसे निपजली, याचे मला नवल वाटत नाही. जुन्या मेस्त्रींना मी काम करताना पाहिले आहे. बोनेट घासताना पंजाचा सगळा भार फडक्यावर असे. हात मडगार्डाच्या उतारावर आला की बोटे आपसूक सैल पडत, आणि कंगोऱ्याजवळ तर फडके केवळ स्पर्शून जाई, कारण कंगोऱ्यावर रंगाचा थर सर्वांत पातळ असतो. मधूनच ते डोळे मिटून पालथा हात फिरवीत आणि राहिलेली खर शोधून काढीत.

पुढे विजेवर फिरणारे बफ आले आणि काम झपाट्याने होऊ लागले. पण हा झपाटा सपाटीपुरताच मानवणारा होता. गोल पत्र्यावर सपाट पॅडचा अल्पसा भागच टेकतो, सगळा दाब आणि घर्षणाची उष्णता तेवढ्या जागेत एकवटते, आणि एकाच अक्षाभोवती सक्तीने फिरणारे यंत्र थांबणे जाणत नसल्यामुळे रंग जळतो किंवा उन्हात वर्तुळाकार जाळी दिसू लागते. आजच्या मोटारींवर रंगाच्या वर पारदर्शक लेप असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. तेथे दुसऱ्या चुकीला अवसर नाही.

या अडचणीवर जे अवजार आले, त्याला शेडमध्ये सगळे ‘डीए’, म्हणजे ‘ड्युअल ॲक्शन’, म्हणतात. त्याचे पॅड मुख्य अक्षापासून किंचित बाजूला बसविलेले असते. मोटर त्याला १५ किंवा २१ मिलिमीटरच्या लहानशा कक्षेत फिरविते, आणि स्वतःभोवतीचे त्याचे फिरणे मात्र मोकळे, कोणाच्याही सक्तीवाचून होणारे असते. पॅडमागच्या तबकडीवर मेस्त्री मार्करने एक काळी रेघ ओढून ठेवतात. बोनेटवर ती रेघ गरगरताना दिसते. यंत्र मडगार्डाच्या गोलाईवर नेऊन जरा तिरपे दाबले, तर रेघ मंदावते आणि अखेर जागच्या जागी थरथरत राहते. नवशिका पोरगा याला यंत्राचा दोष समजतो. मला मात्र यात त्या जुन्या पंज्याची रीत दिसते: जेथे हात सैल पडत असे, तेथेच हे यंत्रही आपला जोर आवरते. काप कमी होतो, वेळ अधिक लागतो, पण लेप वाचतो. म्हणून जाणता मेस्त्री येथे दाब वाढवीत नाही. तो १५० मिलिमीटरचे पॅड उतरवून ७५ चे चढवितो, वळणाच्या कलाने मनगट फिरवीत पॅड पत्र्याशी समांतर राखतो, आणि कंगोऱ्यावर कागदी टेप लावून घेतो.

दसऱ्यापूर्वीचे आठ दिवस या शेडमध्ये जेवायलाही उसंत नसते. पावसाळ्याचा चिखल आणि उसाच्या ट्रॉल्यांनी काढलेले ओरखडे घेऊन गाड्या रांगेने उभ्या राहतात. खंडेनवमीला मात्र काम थांबते. पाटावर हातोडी, ठोकणी आणि पत्र्याची कात्री यांच्या पंक्तीला ते डीए मशीनही मांडले जाते. पॅड धुऊन वाळविलेले, वायर नीट गुंडाळलेली, आणि तबकडीवरच्या त्या काळ्या रेघेलगत हळदीकुंकवाची दोन बोटे.