हिपॅटायटिस ई आणि रक्तदानाची सुरक्षितता

कावीळ हा शब्द ग्रामीण भागात एकाच रोगाचे नाव म्हणून वापरला जातो. प्रत्यक्षात कावीळ हे यकृताला सूज आल्याचे लक्षण असून ती निर्माण करणारे विषाणू अनेक आहेत. त्यांपैकी ‘बी’ आणि ‘सी’ हे रक्तातून पसरतात, तर ‘ए’ आणि ‘ई’ हे प्रामुख्याने दूषित पाण्यातून पसरतात, अशी विभागणी सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र ‘ई’ विषाणू काही काळ रक्तातही असतो आणि दान केलेल्या रक्तातून दुसऱ्याच्या शरीरात जाऊ शकतो. या बाबीची माहिती रक्तदात्यांना क्वचितच असते.

पुण्यातील संशोधन

1955-56 च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने दिल्लीत काविळीची मोठी साथ आली आणि सुमारे 29 हजार लोक आजारी पडले. ही साथ ‘ए’ विषाणूची असावी, असा समज अनेक वर्षे होता. 1980 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या अभ्यासात दिल्ली, अहमदाबाद व पुणे येथील साथींचे रक्तनमुने तपासले गेले. रोगाचे कारण ‘ए’ नाही आणि ‘बी’ही नाही, हे त्यातून पुढे आले. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधील साथीवरून तोच निष्कर्ष मांडला. पुढे या विषाणूला ‘ई’ हे नाव मिळाले. रक्तसंक्रमणातून हा विषाणू पसरू शकतो काय, या प्रश्नाचा शोधही पुण्याच्या याच संस्थेतील डॉ. विद्या अरणकल्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. तसे घडत असल्याचा पुरावा त्यांनी 2000 च्या सुमारास प्रसिद्ध केला.

धोका कोठे आहे?

विषाणू शरीरात गेल्यानंतर दोन ते दहा आठवड्यांनी लक्षणे दिसतात. अनेकांना तर कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. डोळे पिवळे होण्याआधीच विषाणू रक्तात उतरलेला असतो. या काळात दात्याला आपण निरोगी आहोत असे वाटते आणि शिबिरातील प्राथमिक तपासणीतही काही आढळत नाही. भारतात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलीस आणि हिवताप या पाच रोगांसाठी तपासणी बंधनकारक आहे. या यादीत ‘ई’ नाही.

निरोगी तरुणाला हा आजार झाल्यास तो बहुधा आपोआप बरा होतो. परंतु रक्त ज्यांना द्यावे लागते, ते बहुतेक वेळा आधीच अशक्त झालेले रुग्ण असतात. यकृताचा जुना विकार असलेल्यांसाठी हा संसर्ग घातक ठरू शकतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाल्यास मृत्यूचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाते. रक्ताची गरज असलेल्या गरोदर स्त्रीच्या दृष्टीने ही बाब विशेष गंभीर आहे.

इतर देशांचा अनुभव

इंग्लंडमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सव्वादोन लाख रक्तपिशव्यांपैकी 79 पिशव्यांत हा विषाणू आढळला. असे रक्त मिळालेल्या ज्या 43 रुग्णांचा पाठपुरावा झाला, त्यांतील 18 जणांना संसर्ग झाला होता. त्यानंतर 2017 पासून तेथे सर्व रक्ताची ‘ई’साठी तपासणी होऊ लागली. नेदरलँड्स, जर्मनी व जपान यांनीही ती स्वीकारली. तेथील विषाणू मुख्यत्वे डुकराच्या मांसातून येतो. आपल्याकडे माणसांत आढळणारा प्रकार पाण्यातून येतो. त्यामुळे गावचा पाणीपुरवठा आणि रक्ताची सुरक्षितता यांचा संबंध आपल्याकडे थेट आहे.

कडेगाव परिसरासाठी

2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हा पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न ऐरणीवर आला होता. कडेगाव तालुक्यात ताकारी आणि टेंभू योजनांमुळे कृष्णेचे पाणी शेतापर्यंत पोहोचले. मात्र कालव्याचे पाणी शुद्ध न करता पिणे कोठेही सुरक्षित नाही. ग्रामपंचायतीने विहिरीत व टाकीत नियमित टीसीएल पावडर टाकणे, गळक्या जलवाहिन्या दुरुस्त करणे आणि पावसाळ्यात घरोघरी पाणी उकळून पिणे, हे उपाय एका अर्थाने रक्तपेढीचेही रक्षण करतात.

रक्तदात्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

* पूर्वी कावीळ झाली असल्यास ती डॉक्टरांना अवश्य सांगावी. ‘ए’ किंवा ‘ई’ची कावीळ झाल्याचे निश्चित असल्यास राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बारा महिने रक्तदान करता येत नाही. ‘बी’, ‘सी’ अथवा प्रकार अज्ञात असल्यास ते कायमचे वर्ज्य ठरते.
* वैदूकडे जाऊन कावीळ ‘उतरवून’ घेणाऱ्यांकडे तपासणीचा अहवाल नसतो. प्रकार न कळल्याने एक चांगला दाता कायमचा गमावला जातो. म्हणून कावीळ होताच रक्ताची तपासणी करून अहवाल जपून ठेवावा.
* घरात किंवा गल्लीत काविळीचे रुग्ण असल्यास शिबिरात तसे सांगावे.
* रक्तदानानंतर काही आठवड्यांत कावीळ झाल्यास रक्तपेढीला त्वरित कळवावे. तांबड्या पेशी पाच ते सहा आठवडे आणि गोठवलेला रक्तद्रव वर्षभर साठवता येतो. त्यामुळे ती पिशवी अद्याप वापरलेली नसण्याची शक्यता असते.

रक्ताला पर्याय नाही, म्हणून या माहितीमुळे कोणी रक्तदानापासून दूर राहू नये. ‘ई’ची तपासणी बंधनकारक नसताना शिबिरातील प्रश्नावली प्रामाणिकपणे भरणे हेच रुग्णाचे मोठे संरक्षण आहे.