वागणे आणि वागवणे

'कम्पोर्ट' हे इंग्रजी क्रियापद मोठे पोशाखी. कायद्याच्या कागदांत आणि शिष्टाचाराच्या पुस्तकांत ते भेटते. बाजारात कधी भेटायचे नाही. अर्थ एवढाच की, शोभेसे वागणे. पण त्याचा कोट उतरवून पाहावा, तर आत चक्क हमाल उभा! मूळ लॅटिन 'पोर्तारे', म्हणजे वाहून नेणे. स्टेशनावरचा पोर्टर याच कुळातला. फ्रेंचांकडून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा एक जुना अर्थ 'सोसणे' असाही होता. पुढे सतराव्या शतकात 'स्वतःला अमुक रीतीने वाहून नेणे', म्हणजेच वागणे, हा अर्थ रूढ झाला.

ओझे वाहणे म्हणजे काय, हे आमच्या शहापूर-मुरबाडकडे कुणाला शिकवायला नको. मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढतो. सुमारे २००० वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल या वाटेने जुन्नरकडे जाई. राणी नागनिकेचा लेख तिथल्या लेण्यात आजही आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकीत, असे लोक सांगतात. घाटात माणसाची पारख सोपी. डोक्यावर भार असताना तोल सांभाळतो का, समोरच्याला वाट देतो का, एवढे पाहावे.

मराठीने वागण्याकडे निराळ्या नजरेने पाहिले. 'वर्तन' हे संस्कृत 'वृत्' धातूवरून, म्हणजे फिरण्यावरून आले. वर्तुळ त्याचेच भावंड. 'चालचलणूक' पायांवरून आली. मात्र 'वागवणे' या शब्दात तो हमाल आपल्यालाही भेटतो. आपण ओझे वागवतो, आणि सुनेला लेकीसारखेही वागवतो!

वाचकहो, ही नुसती शब्दांची गंमत नव्हे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातल्या पोराचे वर्तन सरकारी दप्तरात आधीच लिहून ठेवलेले! माणसे कशी वागतात, हे पाहिलेच नाही. त्यांना कसे वागवायचे, तेवढे ठरवून टाकले. कायदा १९५२ साली रद्द झाला. लोकांच्या मनातला डाग काही त्याबरोबर पुसला गेला नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो. तिथे 'चांगली' हा शब्द मास्तर लिहितो. पण आपण त्या पोराला कसे वागवले, याचा रकाना कुठल्याच दाखल्यावर नाही. तो ज्याचा त्याने भरायचा. दिवाळीला जमाखर्चाच्या वह्या नव्या होतात. त्यांत तेवढी एक ओळ असू द्यावी.