रणदिव्यांची टीम आणि तिचे जुने गडी

कानात इअरफोन घालून बांधावर बसला असाल, एसटीत उभे असाल नाहीतर हॉस्टेलच्या कॉटवर लोळत असाल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझं 'म्हणजे, म्हणजे' थोडं कमी केलंय.

आधी तो नेहमीचा खुलासा. पुणे-सोलापूर हायवेवर गाडी थांबते ते टेंभुर्णी वेगळं, ते माढा तालुक्यातलं. आमचं टेंभुर्णी जालना जिल्ह्यातलं, तालुका जाफ्राबाद. तर आमच्या शाळेत एक पोरगं होतं. नववीतच सहा फुटांच्या वर. वर्गात शिरताना चौकटीला डोकं लागायचं त्याचं. एका शिबिरात कुणीतरी त्याला बघितलं आणि म्हणाले, याला बास्केटबॉलला पाठवा, उंची वाया घालवू नका. पोरगं हवेतच. घरी येऊन सांगितलं, तर वडिलांनी बैलाला पाणी पाजता पाजता एकच विचारलं, "नोकरी लागंल का याच्यानं?"

आम्ही तेव्हा फार हसलो होतो. पण अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल टीमचा इतिहास वाचत गेलो आणि लक्षात आलं की जगातला सगळ्यात श्रीमंत बास्केटबॉल सुद्धा याच प्रश्नापाशी तीस वर्षं अडकून पडला होता. आणि गंमत म्हणजे त्या टीमच्या मालकाचं आडनाव आहे रणदिवे.

ऑक्टोबर २०१९. मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. हंगामाआधीचे सराव सामने होते, पण टीम खऱ्या होत्या. ४ तारखेचा सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनं १३२-१३१ असा एका गुणानं मारला. तो सामना बघायला शाळकरी पोरं बसवली होती, तीन हजारांच्या वर. दुसऱ्या दिवशीही किंग्ज हरले, पण त्या दोन दिवसांत सगळ्यात खूश माणूस बहुतेक हरलेल्या टीमचा मालकच असावा. विवेक रणदिवे. जन्म १९५७, मुंबईतलाच.

रणदिव्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण आजचा विषय ते नाहीत. तरुण वयात एमआयटीत प्रवेश मिळाला, पण त्या काळात परदेशी चलन रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय मिळत नसे, ते खटपट करून मिळवलं. पुढे अमेरिकेत सॉफ्टवेअर कंपनी काढली. शेअर बाजारातली माहिती क्षणात स्क्रीनवर आणण्याचं काम. बास्केटबॉलशी संबंध आला तो मुलीच्या टीममुळे. बारा वर्षांच्या मुलींची ती टीम, बापाला खेळाचं ज्ञान शून्य, आणि कोच कोण? तर हाच बाप. त्यानं बघितलं की समोरची टीम बॉल घेऊन निवांत अर्धं मैदान चालत येते आणि तोवर बाकीचे तिला येऊ देतात. का येऊ द्यायचं? त्यानं पोरींना पहिल्या पावलापासून पूर्ण मैदानभर अडवायला लावलं. त्या पोरी थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचल्या. माल्कम ग्लॅडवेल या लेखकानं २००९ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये त्यावर लेख लिहिला आणि रणदिवे गाजले. २०१० साली गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये भागीदारी, आणि २०१३ साली किंग्जची मालकी. टीमची किंमत तेव्हा धरली होती ५३ कोटी ४० लाख डॉलर. टीम सिएटलला हलणार होती, ती सॅक्रामेंटोतच राहिली.

आता मागे जाऊ. कारण ही टीम फार जुनी आहे आणि फार फिरलेली आहे. सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये, नाव रॉयल्स. १९५१ साली अजिंक्यपद, तेवढं एकच, त्यानंतर आजपर्यंत नाही. १९५७ साली सिनसिनाटीला गेली, १९७२ साली कॅन्सस सिटीला. तिथे बेसबॉलची रॉयल्स नावाची टीम आधीच होती म्हणून यांनी नाव बदलून किंग्ज केलं. १९८५ साली सॅक्रामेंटो. बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. पण मला सांगायचंय ते सिनसिनाटीच्या वर्षांबद्दल.

१९५५ साली रॉयल्सनं एक पोरगा घेतला, मॉरिस स्टोक्स. सहा फूट सात इंच, काळा, अंगानं दांडगा आणि तरी बॉल हाताळायला लहानखुऱ्या खेळाडूसारखा चपळ. पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा मान. तीन हंगाम खेळला, तिन्ही वेळा ऑल-स्टारमध्ये. सामन्याला सरासरी सतरा रिबाउंड. रिबाउंड म्हणजे नेम चुकून परत आलेला बॉल उडी मारून पकडणं, आणि तिथे कोपरं बसतात हे खेळलेल्याला सांगायला नको.

१२ मार्च १९५८. मिनियापोलिसमध्ये साखळीतला शेवटचा सामना. बास्केटकडे घुसताना धक्का लागला, स्टोक्स डोक्यावर पडला, बेशुद्ध. हुंगायला औषध दिलं, शुद्धीवर आणलं आणि परत खेळायला पाठवलं! आज आपण गल्लीतल्या क्रिकेटमध्ये सुद्धा असं करणार नाही. तीन दिवसांनी डेट्रॉइटला बाद फेरीचा सामना, त्यातही खेळला, १२ गुण आणि १५ रिबाउंड. परतीच्या विमानात झटका आला. मग कोमा. शुद्धीवर आला तेव्हा हातपाय हलत नव्हते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मेंदू शाबूत, सगळं कळतंय, शरीर मात्र ऐकत नाही. वय २४.

इथे आपल्या मित्राच्या वडिलांचा प्रश्न आठवा. स्टोक्सला पेन्शन नव्हती. आजारपणासाठी विमा नव्हता. करार संपला तसा पगारही संपला. दवाखान्याचं बिल मात्र रोज चालू.

उभं कोण राहिलं? जॅक ट्वायमन, त्याच टीममधला गोरा खेळाडू, वय २३. अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांच्या शाळा, हॉटेलं, बसमधल्या जागा अजून वेगळ्या होत्या, तो हा काळ. ट्वायमन कोर्टात जाऊन स्टोक्सचा कायदेशीर पालक झाला. उन्हाळ्यात तो इन्शुरन्स विकायचा. होय, एनबीएचा स्टार, पुढच्या काळात एका हंगामात सरासरी ३१ गुण मारणारा माणूस, आणि सुट्टीत घरोघर पॉलिसी विकतोय! तेव्हा बहुतेकांचं तसंच होतं. कागदपत्रांची सवय होतीच, म्हणून ओहायो राज्याच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली तो भांडला. मुद्दा साधा होता: कारखान्यात मशीनवर हात गेला तर मजुराला भरपाई मिळते, मग हा काय कामावर पडला नाही का? भरपाई मिळाली. उरलेल्यासाठी दर उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या डोंगरातल्या कुट्शर्स नावाच्या रिसॉर्टवर मदतीचा सामना सुरू केला. मोठमोठे खेळाडू तिथे येऊन खेळायचे. विल्ट चेंबरलेनसुद्धा यायचा, तो तर शाळेत असताना त्याच रिसॉर्टवर लोकांच्या बॅगा उचलायच्या कामाला होता.

सुरुवातीला स्टोक्स बोलायचा कसा माहितीये? ट्वायमन एक एक अक्षर म्हणायचा आणि योग्य अक्षराला स्टोक्स पापणी मिटायचा. असा एक शब्द. मग दुसरा. पुढे कित्येक वर्षांच्या मेहनतीनं तो टाइपरायटरची बटणं दाबायला शिकला.

रेकॉर्डिंग करताना इथे मी थोडा थांबलो होतो. ऑडिओत ती गॅप तशीच ठेवलीय.

स्टोक्स अंथरुणावर होता आणि १९६० साली त्याच सिनसिनाटी रॉयल्समध्ये आला ऑस्कर रॉबर्टसन. आला म्हणजे त्याला विचारलं कुणी नव्हतं. तो त्याच शहरातल्या कॉलेजात शिकला होता आणि तेव्हाच्या नियमानं आपल्या भागातला खेळाडू त्या भागातल्या टीमला उचलता यायचा. १९६१-६२ च्या हंगामात त्यानं सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट काढले. तिन्ही आकडे दोन अंकी, अख्ख्या हंगामाची सरासरी. पुढची ५५ वर्षं हे दुसऱ्या कुणाला जमलं नाही.

पण मला त्याच्या आकड्यांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तेव्हाच्या करारात एक कलम होतं. खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरचा हक्क टीमकडेच राहायचा. दुसऱ्या टीमकडे जाता येत नाही. मालकानं विकलं तर जायचं, ठेवलं तर राहायचं. आपल्याकडचा सालगडी बघा. त्याची उचल फिटली नसेल तर अडकतो, खरंय. पण हिशोब चुकता झाला की गुढीपाडव्याला तो दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहू शकतो. एनबीएच्या खेळाडूला पाडवाच नव्हता.

१४ जानेवारी १९६४, बॉस्टन. ऑल-स्टार सामना, पहिल्यांदाच रात्रीच्या मुख्य वेळेत टीव्हीवर दिसणार. खेळाडूंनी ठरवलं, पेन्शनचं लेखी-तोंडी काहीतरी कबूल करा, नाहीतर आम्ही या खोलीतून बाहेर येत नाही. बाहेर प्रेक्षक बसलेत, टीव्हीवाले घड्याळ बघतायत. एका मालकानं आपल्या खेळाडूंना दमाचा निरोप धाडला. कुणी हललं नाही. शेवटी लीगच्या प्रमुखानं शब्द दिला, आणि मग सामना सुरू झाला. त्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला ऑस्कर रॉबर्टसन. स्टोक्सचं काय झालं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि रॉबर्टसन तर त्याच्याच टीमचा.

पुढच्या वर्षी रॉबर्टसन खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष झाला. १९७० साली रॉयल्सनं त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं (तिथे जाऊन पुढच्याच वर्षी त्यानं अजिंक्यपद जिंकलं, रॉयल्स बसले हात चोळत). त्याच १९७० साली त्याच्या नावानं एनबीएवर खटला दाखल झाला. सहा वर्षं चालला. १९७६ साली तडजोड झाली आणि करार संपलेल्या खेळाडूला दुसरीकडे जायची वाट हळूहळू मोकळी होऊ लागली. रॉबर्टसन तोपर्यंत निवृत्त झाला होता. त्याला स्वतःला त्यातून खेळाडू म्हणून काहीच मिळालं नाही. आज तुम्ही रील्समध्ये बघता ना, अमुक खेळाडूनं टीम बदलली, इतक्या कोटींचा करार, त्या प्रत्येक रीलच्या तळाशी हा खटला आहे.

आता परत घरी येऊ. आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या वाटेनं काढलं गेलं: नोकरी. भारतात चांगला बास्केटबॉल खेळाडू म्हणजे बहुतेक वेळा रेल्वेचा, पोलिसांचा, सैन्यदलाचा नाहीतर बँकेचा कर्मचारी. पगार हजेरीपटावर, खेळ मैदानावर. मुंबईचं नागपाडा म्हणजे आपल्या राज्यातली बास्केटबॉलची पंढरी, तिथल्या दाटीवाटीच्या वस्तीतून अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले, १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. तिकडे रॉबर्टसन कोर्टात जात होता तेच हे साल. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तीही देशातल्या स्पर्धांत रेल्वेकडून खेळलेली. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा दबदबा आहे तो उगाच नाही. चांगल्या मुली जिथे नोकरी पक्की तिथे जाणारच.

नुसत्या खेळाच्या पैशावर जगायचा प्रयत्नही झाला. २०१५ ते २०१७ यूबीए नावाची लीग चालली, त्यात मुंबई चॅलेंजर्स होती, पुणे पेशवाज होती. तीन वर्षांत गुंडाळली गेली. २०१५ सालीच पंजाबातल्या बल्लो के गावच्या सात फुटी सतनाम सिंगला एनबीएच्या डॅलस मॅव्हरिक्सनं ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडलं, असा मान मिळवणारा पहिला भारतीय. मुख्य लीगमध्ये एकही सामना मिळाला नाही, आणि पुढे तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीकडे वळला. मला नोकरीवाली वाट कमी दर्जाची वाटत नाही, हे स्पष्ट सांगतो. फक्त तिचा एक तोटा आहे: साहेबाला खेळ कळत नसेल तर सरावाला सुट्टी मागताना खेळाडूचा जीव जातो, आणि तिशी ओलांडली की तो नुसता कारकून उरतो.

आमचं ते उंच पोरगं? बास्केटबॉलला गेलंच नाही. पोलिसात भरती झालं, तिथे व्हॉलीबॉल खेळतं, वडील खूश. मागच्या आठवड्यात फोनवर त्याला हा भाग ऐकवला. सगळं शांतपणे ऐकलं, रणदिव्यांबद्दल एक शब्द नाही. म्हणाला, "त्या ट्वायमनचं पुढं काय झालं?"

सांगितलं त्याला. स्टोक्स १९७० च्या एप्रिलमध्ये गेला, ३६ व्या वर्षी. बारा वर्षं ट्वायमननं त्याची जबाबदारी सोडली नाही. २००४ साली स्टोक्सचं नाव हॉल ऑफ फेममध्ये लागलं, तेव्हा त्याच्या वतीनं मान घ्यायला म्हातारा ट्वायमनच स्टेजवर चढला.

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "ड्युटी लागली, ठेवतो."

चला, भेटू पुढच्या भागात.