कोरियाच्या दप्तरांतील आपलीं माणसें



सन १९४८ च्या सप्टेंबर महिन्यांत संयुक्त राष्ट्रसंघाचा मुक्काम पॅरिस शहरीं होता. तेथील कामकाजाच्या कागदांत दोन दप्तरें अशीं आहेत, कीं वरवर पाहतां त्यांचा परस्परांशीं कांहींच संबंध नाहीं. परंतु नांदेड-लातूरकडील माणसानें तीं शेजारीं शेजारीं ठेवून वाचावींत, असें मला फार दिवसांपासून वाटत आलें आहे. पहिलें दप्तर आपलेंच. निजाम सरकारनें भारताविरुद्ध गुदरलेली तक्रार १६ सप्टेंबर रोजीं सुरक्षा समितीपुढें निघाली, आणि दुसऱ्याच दिवशीं निजामानें शरणागति पत्करल्यामुळें तिच्यांतला जीव निघून गेला. दुसरें दप्तर कोरिया देशाचें. त्या देशांत निवडणूक घडवून आणण्यासाठीं राष्ट्रसंघानें जें मंडळ पाठविलें होतें, त्याचा अहवाल त्याच अधिवेशनापुढें यावयाचा होता, आणि त्या मंडळाचें अध्यक्षपद आरंभीं एका भारतीय गृहस्थाकडे होतें.

दोन्ही दप्तरांच्या बुडाशीं प्रश्न एकच आहे. विचारावयाचें कोणाला? आपल्याकडे राजाला विचारावें कीं रयतेला, हा तंटा होता. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी जबाबदार राज्यपद्धति मागत होते ती एवढ्याचसाठीं, आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजीं स्वामीजींना अटक झाली तीही त्याचपायीं. कोरियांत रयतेला विचारावें याविषयीं निदान तोंडानें तरी सर्वांचें एकमत होतें. पण कोणत्या रयतेला? सगळ्या कीं अर्ध्या?

हा अर्धेपणा कोठून आला तें थोडक्यांत सांगतों. कोरिया १९१० सालीं जपाननें गिळला. १९४५ च्या ऑगस्टांत जपान शरण येणार अशीं चिन्हें दिसतांच वॉशिंग्टन येथें दोन अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांनीं रात्रीच्या वेळीं घाईघाईनें नकाशा पुढें ओढला आणि अडतिसाव्या अक्षांशावर रेघ धरली. रेघेच्या उत्तरेस रशियन फौजेनें जपान्यांचीं शस्त्रें उतरवून घ्यावीं, दक्षिणेस अमेरिकन फौजेनें. रेघ शस्त्रें घेण्यापुरती होती. ती मुक्कामालाच राहिली. आपल्याकडील देगलूर, बिलोली, उदगीर या बाजूच्या लोकांना १९५६ सालच्या प्रांतरचनेंत अशा रेघांची थोडी ओळख झालेली आहे. सोयरे एका राज्यांत आणि आपण दुसऱ्या. पण आपल्या रेघेवर कोणीं तोफा आणून ठेवल्या नाहींत, एवढें आपलें भाग्य.

राष्ट्रसंघाचें मंडळ १४ नोव्हेंबर १९४७ च्या ठरावानें नेमलें गेलें. अध्यक्षपद के. पी. एस. मेनन यांच्याकडे आलें. ते त्या वेळीं चीनमध्यें भारताचे राजदूत होते. जानेवारींत मंडळ सोल या राजधानींत पोहोंचलें, परंतु उत्तरेंतील रशियन सेनापतीनें त्याला रेघ ओलांडूं दिली नाहीं. तेव्हां १९ फेब्रुवारी १९४८ रोजीं मेनन अमेरिकेंत परत येऊन, जिला त्या काळीं ‘छोटी सभा’ म्हणत त्या समितीपुढें उभे राहिले. अर्ध्या देशाचें सरकार स्थापिलें तर देश कायमचा दुभंगेल, ही धास्ती त्यांनीं बोलून दाखविली. तरीही आठवड्याभरांत, २६ फेब्रुवारीस, असा ठराव झाला कीं जेथवर जातां येईल तेथवर निवडणूक घ्यावी. बाजूनें ३१ मतें पडलीं, विरुद्ध दोनच. तीं कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांचीं. ज्या भारताच्या प्रतिनिधीनें धास्ती बोलून दाखविली, त्या भारताचें मत ठरावाच्या बाजूनें पडलें.

असें कां झालें? दप्तरांत याचीं कारणें राजकारणाच्या भाषेंत आहेत आणि तीं चुकीचीं आहेत असें नाहीं. पण मेनन यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत एक वेगळीच कबुली दिली आहे. सोल येथें मो युन-सुक नांवाच्या एका कवयित्रीशीं त्यांचा स्नेह जडला. ही बाई दक्षिणेकडील पुढारी सिंगमन री यांच्या पक्षाची होती. आपल्या साऱ्या नोकरींत हृदयानें डोक्यावर मात केली ती याच एका प्रसंगीं, अशा आशयाचें मेनन लिहून गेले आहेत. राजदूतानें एवढें मोकळेपणीं लिहावें हें दुर्मिळ. यावरून एका कवितेनें कोरिया फोडला असें म्हणणारेही निघाले; मला तें पटत नाहीं. दोन फौजा समोरासमोर उभ्या असतांना कवितेच्या अंगावर एवढा भार टाकूं नये. मात्र सरकारी कागद आणि माणसाची कबुली, दोन्ही वाचल्याशिवाय घटना पुरी कळत नाहीं, हें वर्गांत मुलांना सांगण्यासाठीं याहून चांगलें उदाहरण मला सांपडलेलें नाहीं.

१० मे १९४८ रोजीं दक्षिणेंत निवडणूक झाली आणि १५ ऑगस्टला तेथें प्रजासत्ताक जाहीर झालें. ९ सप्टेंबरला उत्तरेनें आपलें निराळें राज्य उभें केलें. १२ डिसेंबरला पॅरिसच्या अधिवेशनानें दक्षिणेकडील सरकारला मान्यता दिली. पुढील दीड वर्षांत मेनन यांची धास्ती खरी ठरली, आणि २५ जून १९५० रोजीं युद्ध पेटलें.

या युद्धांत प्राण वेंचणारा भारताचा पहिला प्रतिनिधि मुळांत लेखणीचा माणूस होता. कर्नल उन्नी नायर हे केरळांतले. महायुद्धांत लष्कराच्या बातम्या बाहेर पोहोंचविण्याचें काम त्यांनीं केलें होतें. राष्ट्रसंघाच्या कोरियाविषयक आयोगावर ते भारताच्या वतीनें गेले. आयोगाच्या माणसानें शहरांत बसून अहवाल लिहिला असता तरी कोणीं दोष दिला नसता. पण ते आघाडी पाहावयास गेले. १२ ऑगस्ट १९५० रोजीं वेग्वान गांवाजवळ त्यांची जीप सुरुंगावर गेली. बरोबर लंडनच्या ‘टाइम्स’चे इयन मॉरिसन आणि ‘डेली टेलिग्राफ’चे ख्रिस्तोफर बक्ली हे दोन वार्ताहर होते. तिघेही गेले. नायर यांचा अंत्यविधि डेगू शहरीं झाला. तेथें त्यांचें स्मारक आहे, आणि पुढें त्यांच्या पत्नीच्या अस्थीही तेथेंच विसावल्या. आपल्या वर्तमानपत्रांत ‘आमच्या वार्ताहराकडून’ असे दोन शब्द असतात. त्यांची किंमत कधीं कधीं अशी द्यावी लागते.

भारतानें या युद्धांत लढाऊ पलटण पाठविली नाहीं. जखमींसाठीं ६० वें छत्रीधारी वैद्यकीय पथक मात्र लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालीं नोव्हेंबर १९५० मध्यें रवाना केलें. लढाई पुढें अडली ती कैद्यांवर. युद्धकैदी युद्धानंतर घरीं जातो ही जुनी रीत. पण हजारों चिनी आणि उत्तर कोरियन कैदी घरीं जाण्यास नाकबूल आहेत असें एका बाजूचें म्हणणें, आणि त्यांना धाकानें तसें बोलावयास लावलें आहे असें दुसऱ्या बाजूचें. पुन्हां तोच प्रश्न, विचारावयाचें कोणाला आणि कसें? अखेर ठरलें कीं एकेका कैद्याला स्वतंत्र विचारावें, आणि विचारणा पुरी होईपर्यंत पहारा भारतीय जवानांनीं करावा. २७ जुलै १९५३ रोजीं पान्मुनजोम येथें तहकुबीच्या करारावर सह्या झाल्या. पांच तटस्थ राष्ट्रांच्या समितीचे अध्यक्ष जनरल थिमय्या झाले आणि पहाऱ्याच्या फौजेचे सेनापति मेजर जनरल शंकरराव थोरात.

थोरात हे कोल्हापूर भागांतले. ब्रह्मदेशांत कांगावच्या लढाईंत त्यांनीं नांव मिळविलें होतें, आणि थिमय्या त्याच ब्रिगेडमधले त्यांचे जुने सोबती. कोरियांतील काम मात्र लढाईपेक्षां अवघड होतें. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांनीं भारतीय शिपायाला आपल्या भूमीवर पाऊल ठेवूं देणार नाहीं अशी प्रतिज्ञा केली होती. मग इंचॉन बंदरांत आलेल्या आपल्या जवानांना बोटींवरून अमेरिकन हेलिकॉप्टरांनीं उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यांत नेऊन ठेवण्यांत आलें. पाहुणा उंबऱ्याला पाय न लावतां माळवदावरून घरांत उतरावा, तशांतला हा प्रकार. तेथें उभारलेल्या छावणीला नांव पडलें हिंदनगर.

१० ते २३ सप्टेंबर या काळांत २२,६०४ कैदी आपल्या ताब्यांत आले. त्यांतले १४,७०४ चिनी होते आणि ७,९०० कोरियन. उत्तरेकडून आले अवघे ३५९. कुंपणाच्या आंत कैद्यांनीं आपलें राज्य थाटलें होतें. त्यांचे पुढारी, त्यांचा दरारा, त्यांची शिक्षा. घरीं जावेंसें वाटणाऱ्यानें रात्रीं तारेवरून उडी मारून भारतीय पहारेकऱ्याचे पाय धरावे, एवढाच मार्ग उरला होता.

अशांत सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांच्या एका वाड्यांत मेजर ग्रेवाल यांना कैद्यांनीं ओढून आंत डांबलें. बाहेर आपले जवान बंदुका रोखून उभे. एक गोळी सुटली असती तर पाठोपाठ किती सुटल्या असत्या, आणि तहकुबीचें काय झालें असतें, याची कल्पना करवत नाहीं. थोरात निःशस्त्र आंत गेले. दम भरण्याऐवजीं त्यांनीं पाहुण्याच्या नात्यानें बोलणें काढलें. चहा आला, सिगारेटी निघाल्या, आणि ज्याला चहा पाजला त्याच्या अंगावर हात टाकणें कैद्यांनाही जड गेलें. ग्रेवाल सुखरूप बाहेर आले. थोरातांना पुढें मिळालेल्या पदकापेक्षां मला त्या चहाचें अप्रूप अधिक वाटतें. मात्र सगळें चहानें मिटलें असें सांगेन तर तो इतिहास होणार नाहीं. ऑक्टोबरच्या आरंभीं, गांधीजयंतीच्या आगेमागेंच, आपल्या पहाऱ्याला गोळी चालवावी लागली आणि कांहीं कैदी मेले.

आतां विचारणेकडे येतों. तंबूंत कैदी आणावयाचा, त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यानें त्याला घरीं चलण्याविषयीं समजावयाचें, आणि मग कैद्यानें दोन दारांपैकीं एकानें बाहेर पडावयाचें. एक दार घराकडे, दुसरें पुन्हां छावणीकडे. यासाठीं नव्वद दिवस ठरले होते. प्रत्यक्षांत काम १५ ऑक्टोबरला सुरू झालें आणि भांडणाभांडणांत अवघे दहा दिवस चाललें. बहुतेकांना कोणीं विचारलेंच नाहीं. २२,६०४ पैकीं ६२८ घरीं गेले, ३८ मेले, १३ पळाले, आणि २१,८३९ जानेवारी १९५४ मध्यें जेथून आले होते तेथें परत दिले गेले.

या सर्वांचा अहवाल समितीनें लिहिला, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यानें जपून ठेवावा असा कागद माझ्या मतें हाच आहे. कारण अहवाल एक नाहीं, दोन आहेत. भारत, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांनीं लिहिलें कीं छावणींतील संघटनांच्या दहशतीमुळें कैद्यांना मोकळ्या मनानें निवड करतां येणें शक्य नव्हतें. स्वीडन आणि स्वित्झर्लंड यांनीं तो निष्कर्ष न स्वीकारतां आपलें निवेदन निराळें दिलें. तंबू तेच, कैदी तेच, दिवस तेच, आणि पाहणारेही सर्व सज्जन. दहशत होती याविषयीं मला शंका नाहीं. पण दहशतींत बोललेलें प्रत्येक वाक्य खोटेंच असतें असें कसें म्हणावें? रझाकारी अमलांत आपले वडीलधारे चारचौघांत काय बोलत आणि घरांत काय बोलत, हें ज्यांनीं घरीं ऐकलें आहे त्यांना या प्रश्नाची धार अधिक कळेल. मला विचारलें तर मी भारताच्या बाजूचा अहवाल खरा मानीन, आणि दुसरा टाकून मात्र देणार नाहीं.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी ज्या एका शाळेंत होतों, तेथें जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे होते, आणि त्यांत कोरियाच्या कैद्यांच्या बातम्या मीं स्वतः चाळल्या होत्या. वाळवी लागली म्हणून एका उन्हाळ्यांत ते वजनावर रद्दींत गेले. ना हरकत म्हणून ज्यांनीं सह्या केल्या त्यांत माझी सही आहे. तेव्हां दिल्लीचें राष्ट्रीय अभिलेखागार परराष्ट्र खात्याच्या जुन्या फायली सांभाळतें, आतां त्यांतल्या कित्येक घरबसल्या संगणकावरही पाहतां येतात, हें ऐकलें कीं मला आनंद होतो आणि थोडी मान खालींही जाते.

हिशेबांत अजून अठ्ठ्याऐंशी माणसें राहिलीं आहेत. बारा चिनी आणि शहात्तर कोरियन. यांनीं दोन्ही दारें नाकारलीं. उत्तर नको, दक्षिण नको, तैवानही नको. एखाद्या तटस्थ देशांत पाठवा, म्हणाले. त्यांना घ्यावयास चटकन कोणी पुढें येईना, तेव्हां परत निघालेल्या आपल्या फौजेनें त्यांना बरोबर घेतलें. फेब्रुवारी १९५४ मध्यें ते बोटीनें मद्रासला उतरले आणि तेथून दिल्लीस गेले. पुढें कांहीं ब्राझीलला गेले, कांहीं अर्जेंटिनाला. भारताचे दोन्ही कोरियांशीं राजदूत पातळीवरचे संबंध एकाच दिवशीं, १० डिसेंबर १९७३ रोजीं, जुळले. त्या अठ्ठ्याऐंशींतले थोडेजण तोंवर कधींच भारतांत घर करून राहिले होते.